बबनभाऊंचा कान आणि माझा प्रबंध

भाऊ, तुम्ही गेलात त्या गुरुवारी, म्हणजे आपल्या कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, माझ्या लॅपटॉपवर तुमच्या नावाची फाइल उघडीच होती. तिच्यात दोन रकाने. एकात मोटरच्या आवाजाच्या तुकड्याचा क्रमांक, दुसऱ्यात तुमचा निकाल, चांगलं किंवा वाईट. शेवटच्या काही ओळींत दुसरा रकाना रिकामा आहे. तो भरायचा राहिला, कारण त्याआधी चारच दिवस, भरल्या कॅन्टीनमध्ये, मी तुम्हाला म्हणालो होतो की भाऊ, तुम्ही अंदाजे ठोकता.

आपलं शेवटचं बोलणं ते. तुम्ही ताट उचललंत, अर्धी भाकरी तशीच होती, आणि शॉपवर, मशीनींकडे निघून गेलात.

हे वाचणाऱ्यांना तुम्ही कोण आणि मी कोण हे थोडक्यात सांगतो, तोवर तुम्ही चहा घ्या. बबनभाऊ, राहणार वराळे, नवलाख उंबऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात मेंटेनन्सचे फिटर. साठी उलटलेली. निवृत्तीनंतरही कंपनीनं एकेक वर्षाच्या करारावर ठेवून घेतलेले, कारण मोटरचा दांडा ज्या छऱ्यांच्या कड्यावर फिरतो ते बेअरिंग खराब व्हायला लागलं की या माणसाला सगळ्यांच्या आधी कळायचं. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मोटरच्या अंगावर टेकवायचं, त्याची मूठ कानापाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. मी क्वालिटीतला, लोणावळ्याचा, पन्नाशी ओलांडलेला. गावात नाटकात विनोदी कामं करणारा, आणि नाटक नसलं की बसमध्ये करणारा.

आपल्या कंपनीची बस म्हणजे माझं नाट्यगृह. लोणावळ्याला चढलो की कामशेतपर्यंत माझा आवाज तापायचा, वडगावला बस भरायची, आणि तुम्ही वराळ्याच्या फाट्यावर चढलात की खरा अंक सुरू व्हायचा. तुमची बसायची जागा ठरलेली. माझ्या शेजारी कधीच नाही. पुढच्या सीटवर उलटे, गुडघे टेकून, शाळेच्या सहलीतल्या पोरासारखे, तोंड माझ्याकडे. साठ वर्षांचा माणूस. मी प्लँट हेडचं खाकरणं काढायचो, सेफ्टी ऑफिसरची हिंदी काढायचो, आणि सगळ्या बसच्या आधी तुम्ही हसायचात. मला वाटायचं, हा माझा सगळ्यात जाणकार प्रेक्षक. बाकीच्यांना विनोद पोचायच्या आत याला पोचतो.

या वयात मी डेटा सायन्सच्या एम.एस्सी.ला का बसलो, हे मी प्रत्येकाला वेगळं सांगितलंय. खरं कारण तुम्हालाच ठाऊक होतं. एका लग्नात माझ्या पुतण्यानं पंगतीत सांगितलं की काकांचं काम आता दोन वर्षांत कॉम्प्युटर करणार, आणि मी जिलेबी हातात धरून म्हणालो, मग तो कॉम्प्युटर मीच शिकवीन. झालं, जिलेबीच्या भरात फॉर्म भरला. त्या दिवसापासून तुम्ही मला नावानं हाक मारली नाहीत. "काय इद्यार्थी, जेवला का?" शॉपवर, गेटवर, भर मीटिंगमध्येसुद्धा इद्यार्थी. पोरं तोंड दाबून हसायची. मला आवडायचं.

शेवटच्या सत्रात प्रबंध. माझ्या मार्गदर्शक मॅडम माझ्या थोरल्या मुलीच्या वयाच्या, पुण्यात बसून व्हिडिओवर बोलणाऱ्या, फार नेमक्या. त्यांनी विचारलं, सर, तुमच्या कारखान्यात असं काय आहे जे दुसरीकडे नाही? मी एका क्षणात म्हणालो, बबनभाऊंचा कान.

आणि मग तो किस्सा सांगितला. पुण्याहून एक इंजिनिअर सुटकेसभर यंत्रं घेऊन आले होते, आठवतं? कंप्रेसरची मोटर ठणठणीत आहे म्हणाले. तुम्ही स्क्रू ड्रायव्हर टेकवलात आणि म्हणालात, सायब, ही पोळ्याच्या आत बसणार. ते हसले. पोळ्याच्या दोन दिवस आधी, दुपारच्या पाळीत, ती जाम होऊन बसली. तुम्ही कुठे एक शब्द बोलला नाहीत. मीच तो किस्सा बसमध्ये सात वेळा सांगितला, आणि सातव्या वेळी किश्श्यातल्या इंजिनिअरला रडवलंसुद्धा.

मॅडम म्हणाल्या, विषय मिळाला.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी तुम्हाला योजना सांगितली. कारखान्यातल्या मोटरींचे आवाज टिपायचे, दहा दहा सेकंदांचे तुकडे करायचे, तुम्ही ऐकून चांगलं-वाईट सांगायचं, आणि त्या उत्तरांवरून कॉम्प्युटरनं शिकायचं.

"आमचा कान त्याच्यात घालणार, आणि मग आमाला घरी बसवणार," तुम्ही म्हणालात.

"घरी नाही बसवणार भाऊ. तुमचं नाव छापणार. तज्ज्ञ म्हणून."

तुम्ही थोडा वेळ बाहेर बघत होतात. फाट्यापासून कारखान्यापर्यंत जिथं पूर्वी भाताची खाचरं होती तिथं आता इमारतींचे खांब आहेत, तिकडे. मग वळून म्हणालात, "पोरं न्हाई शिकत, इद्यार्थी. चार जणांला दाखवून बगितलं. हातात हात धरून दाखवलं. एकालाबी लागंना. आमच्यासंगं जाणार हे. तुमच्या मशीनीला लागलं तर बगा."

म्हणजे पणाला काय लागलं होतं हे आपल्या दोघांनाही पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला पदवी हवी होती. तुम्हाला तुमच्या मागे ते राहायला हवं होतं.

जेवणानंतरच्या मोकळ्या वेळात ट्रेनिंग रूममध्ये आपण बसायचो. मी शास्त्राला धरून चालणारा माणूस. कुठल्या मोटरचा आवाज आहे हे तुम्हाला दिसू नये म्हणून लॅपटॉपच्या पडद्याला चिक्कीच्या खोक्याचा पुठ्ठा लावला होता. त्या खोक्यातली चिक्की मी तुमच्यासाठीच आणायचो आणि तुम्ही कधी घ्यायचा नाहीत. "दातावर पोट हाय आमचं," म्हणायचात. मी ते विनोदात जमा केलं.

पहिल्याच दिवशी हेडफोन बघून तुमचा चेहरा पडला. "हे कशाला? मशीनीपाशी चला. तितं सांगतो."

मी समजावलं. मशीन दिसलं की मनात मत तयार होतं. मत नको, फक्त कान पाहिजे.

"पेशंट न बगता डॉक्टर औशिद देतो का?"

"आजकाल फोनवर देतात, भाऊ."

त्या विनोदाला तुम्ही हसला नाहीत. मला जरा लागलंच ते. पुढे आठवड्यातून एकदा तरी हा वाद निघायचा. तुम्ही म्हणायचात मशीनीपाशी चला, मी म्हणायचो इथेच बसा, आणि प्रत्येक वेळी मी जिंकायचो. एकच गोष्ट तुम्ही ऐकली नाहीत. मी शेजारी खुर्ची मांडायचो, तुम्ही ती ओढून समोर न्यायचात. "तोंड दिसलं पायजे. तोंड न दिसता गप्पा कसल्या." मी म्हटलं, बसा समोर. त्यानं शास्त्राचं काय बिघडतं?

तुकड्यांचे दोन ढीग होते. पहिला, ज्या मोटरी नंतर उघडल्या गेल्या त्यांचा. आत काय निघालं ते मेंटेनन्सच्या नोंदीत होतं आणि मला पाठ होतं. दुसरा, कितीतरी मोठा, ज्या मोटरी अजून फिरत आहेत त्यांचा. त्यांच्या पोटात काय आहे हे कोणालाच माहीत नाही. तिथेच खरी परीक्षा होती.

पहिल्या ढिगात तुम्ही एकदाही चुकला नाहीत. एकदाही. मी पुठ्ठ्यामागे क्रमांक बघायचो, तो आवाज लावायचो, तुम्ही डोळे बारीक करून माझ्याकडे बघायचात आणि सांगायचात, वाईट. आणि ती वाईटच असायची. मी त्या दिवशी लोणावळ्याला उतरल्यावर घरापर्यंत नाचत गेलो असेन. बायकोला म्हणालो, माणूस नाही, देव आहे. मॅडमना निकाल पाठवले. त्या म्हणाल्या, "सर, हे फारच चांगलं आहे." आणि लगेच पुढे, "इतकं चांगलं असलं की मला काळजी वाटते."

दुसऱ्या ढिगालाही तुम्ही भराभरा निकाल देत गेलात. तिथे मात्र तुम्ही माझ्याकडे जास्त वेळ बघायचात. मला वाटायचं, एकाग्रता.

मॅडमनी सांगितलं, दुसऱ्या ढिगातले काही तुकडे त्यांना पुन्हा ऐकवा. क्रम बदलून, न सांगता. खरा जाणकार तोच आवाज ऐकून तेच सांगेल. मी हसत हसत केलं. आणि रात्रभर... नाही, रात्र कसली, पाचच मिनिटं लागली दोन याद्या शेजारी ठेवायला. काल वाईट ते आज चांगलं, काल चांगलं ते आज वाईट. नाणं उडवलं असतं तरी इतकंच जमलं असतं.

मला राग आला, भाऊ. खरं सांगायचं तर भीती वाटली आणि ती रागासारखी बाहेर पडली. प्रबंध द्यायला थोडे आठवडे उरलेले, सगळं मॉडेल तुमच्या उत्तरांवर उभं. कॅन्टीनमध्ये तुम्ही जेवत होतात. मी समोर जाऊन बसलो.

"काल तुम्ही ज्याला वाईट म्हणालात, त्याला आज चांगलं म्हणालात."

"मशीन रोज एकच बोलती का?"

"मशीन नाही हो, रेकॉर्डिंग. तेच्या तेच. त्यात काय बदलणार?"

तुम्ही घास चावत राहिलात. तिथं मी थांबायला हवं होतं. पण आजूबाजूची टेबलं बघायला लागली होती, आणि बघणारे दिसले की मला राहवत नाही हे तुम्हाला माहीत आहे. मी डोळे मिटले, मूठ कानापाशी नेली, मान डोलावली आणि तुमची नक्कल केली. चांगलं. वाईट. चांगलं. वाईट. दोन टेबलं खदखदून हसली. मग मी ते वाक्य म्हणालो, अंदाजे ठोकता.

मी आयुष्यात शेकडो नकला केल्या. ज्याची केली तो समोर बसून बघत असताना, जेवत असताना, ही एकच.

गुरुवारी तुमच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी घरी मॅडमना पाठवायचा मेल लिहीत होतो. त्यात लिहिलं होतं की तज्ज्ञ विश्वासार्ह नाही. दुपारी जेवून आडवे झालात ते उठलाच नाहीत, एवढंच त्या सांगू शकल्या. मेल तसाच राहिला.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी तुमच्या घरी आलो. बुद्धवंदना झाली, लोक खीर खाऊन पांगले. मी मागे राहिलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मला त्यांच्याजवळ कबूल करायचं होतं. म्हटलं, वहिनी, मी भाऊंना शेवटी फार वाईट बोललो. अंदाजे सांगता म्हणालो.

"ठाऊक हाय. आले तवा सांगितलं मला," त्या म्हणाल्या. "तुमी खोटं न्हाई बोलला. तुमच्या त्या हेडफोनवर अंदाजेच सांगत हुते. त्यांला ऐकू येत न्हवतं."

मी म्हटलं, कमी यायचं?

"कमी न्हाई. न्हाईच. पाच-सहा वर्सं झाली. पत्रा ठोकायच्या प्रेसवर जवानी गेली, आधी एक कान गेला, मग दुसरा. घरात मी हातानं सांगायची."

दरवर्षी कराराआधी कंपनीत कानाची तपासणी होते, मला माहीत आहे, मीही देतो. ती कशी पास व्हायचे, विचारलं. तर म्हणाल्या, तपासणाऱ्या पोराच्या बोटाकडे बघायचे. बोट बटणावर गेलं की यांचा हात वर.

"आणि मोटरी?"

वहिनींनी दोन बोटं जबड्याच्या हाडावर ठेवली, कानाच्या खाली. "हितं लावायचे. आन् कुणी बगत नसलं की दातात धरायचे. हाडातनं कळतं म्हणायचे. ते खरं हुतं, भावजी. त्याच्यात कंदी अंदाज न्हवता."

मी विचारलं, मग माझा पहिला ढीग? एकदाही चुकले नाहीत ते?

वहिनी त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या. "घरी येऊन सांगायचे की, इद्यार्थ्याच्या तोंडावर समदं लिवलेलं असतंय. वाईट लावलं की भुवया वर, चांगलं लावलं की गाल सैल. पुठ्ठा कशाला लावलाय तेवढं कळत न्हाई म्हणायचे. मग पुढं पुढं म्हणायला लागले, आता तोंडावर काय दिसंना झालंय, आता काय सांगू?"

तेव्हा दुसरा ढीग चालू होता, ज्याची उत्तरं मलाच माहीत नव्हती.

थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "त्या दिशी आले, म्हणले, सांगून टाकतो त्यांला. मशीनीपाशी नेतो आन् दाखवतो. मग म्हणले, येवढं सई होऊ दे कराराची, मग सांगतो." आणि मग, मी न विचारताच, "आता सांगा कुणालाबी. आता कोण काढतंय त्यांला कामावरनं?"

भाऊ, त्या दिवसापासून मी आपली सगळी वर्षं पुन्हा चाळतोय आणि प्रत्येक ठिकाणी तुम्ही मला समोरून बघताय. बसमधलं उलटं बसणं. तुमचा फोन कायम वहिनींकडे असणं. प्रेस शॉपमध्ये तुम्ही सगळ्यांत गप्पिष्ट असणं, कारण त्या धडधडाटात कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही, सगळे ओठांवरूनच वाचतात, तिथं तुम्ही सगळ्यांसारखेच होतात. आणि माझे आवाज. प्लँट हेडचं खाकरणं मी वर्षभर तालमी करून बसवलं होतं. त्यातलं तुम्हाला काहीच पोचलं नव्हतं. तुम्ही हसलात ते माझ्या भुवयांना.

आधी वाटलं, फसवलं मला. मग वाटलं, इतकं लक्ष देऊन माझं तोंड माझ्या आईनंतर कोणी बघितलं नव्हतं. दोन्ही खरं आहे आणि दोन्हीचा आता उपयोग नाही.

मी पडदा झाकला. क्रमांक झाकले. मशीन लपवलं. शास्त्रात याला म्हणतात, परीक्षकाला उत्तराचा सुगावा लागू न देणं. सगळ्या खोलीत एकच गोष्ट उघडी ठेवली, आणि ती म्हणजे ज्या तोंडाला गावात टाळ्या मिळतात ते. माझ्या त्या मोठ्या फाइलमध्ये, जिच्यावर तुमचं नाव आहे, पहिल्या भागात माझ्या भुवया नोंदवलेल्या आहेत आणि दुसऱ्या भागात त्या न हलल्यामुळे झालेली तुमची अडचण. तुमचा कान तिच्यात कुठेच नाही. तुमचा जबडा तर मी नोंदवलाच नाही.

आणि उपाय काय होता, ठाऊक आहे? मॅडमना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी माझी फाइल पुन्हा उघडली. मग म्हणाल्या, "आवाज नको होता, सर. कंपन मोजायला हवं होतं. मोटरच्या अंगावर सेन्सर लावायचा, भाऊंना तिथेच उभं करायचं, आणि ते सांगतील ते लिहून घ्यायचं." म्हणजे मशीनीपाशी जायचं. सत्रभर तुम्ही मला माझा प्रबंध सांगत होतात आणि मी तुम्हाला शास्त्र शिकवत होतो.

मी विचारलं, आता करता येईल?

"सेन्सर मिळेल," मॅडम म्हणाल्या.

तरी एका सोमवारी पाळी बदलताना मी कंप्रेसरपाशी गेलो. लांब स्क्रू ड्रायव्हर घेतला, टोक मोटरवर टेकवलं आणि त्याची मूठ जबड्याला लावली. ऑपरेटर म्हणाला, "सर, नवीन नाटक का?" मी हो म्हटलं. मग मूठ दातात धरली. तो म्हणाला, दात जाईल, सर. भाऊ, काहीच कळलं नाही असं नाही. ते जास्त वाईट. दातातून डोक्याच्या मागच्या हाडापर्यंत काहीतरी धावत होतं, बारीक, जाड, मध्येच अडखळणारं, पुन्हा सुरू होणारं. खूप काही बोलत होतं ते. शेजारच्या मोटरवर टेकवलं, तिथंही बोलत होतं, वेगळं. मी अर्धा तास या मोटरवरून त्या मोटरवर फिरलो. कुठलं बोलणं सुखाचं आणि कुठलं दुखण्याचं, मला ओळखू येईना. तुम्ही ज्या चार जणांना शिकवून बघितलंत, त्यांच्यात मी पाचवा.

प्रबंधाचं काय करायचं, यावर मॅडमनी व्यवहारी मार्ग काढला. दुसरा ढीग वगळा. पहिल्या ढिगाला भाऊंची गरजच नाही, उत्तरं मेंटेनन्सच्या नोंदीत आहेत. तेवढ्यावर मॉडेल बसवा, पास व्हाल. मी तुमच्या जबड्यावर चार पानं लिहून पाठवली होती. मनापासून लिहिली होती, एकही विनोद नाही. त्या म्हणाल्या, सर, मी दोनदा वाचलं, रडायला आलं, पण याला डेटा नाही. परिशिष्टातही बसत नाही.

तुम्ही दिलेले निकाल काढून टाकले तसा 'तज्ज्ञ' हा शब्दही काढावा लागला. जो तज्ज्ञ वापरलाच नाही त्याचं नाव कसं छापणार? आभाराच्या पानावर घालायचं ठरवलं, तिथंही अडलो. लिहू काय? ज्यांच्या सहकार्याशिवाय हे काम पूर्ण झालं? मी ते पान कोरं सोडलं. त्याबद्दल माझे दोन गुण कापले असतील तर कापू देत.

तोंडी परीक्षेला बाहेरचे एक प्राध्यापक होते, सज्जन माणूस. त्यांनी प्रबंध चाळला आणि विचारलं, नोंदीत जे आधीच आहे ते तुमचं मॉडेल बरोबर सांगतं, छान, पण यात नवीन काय आहे?

भाऊ, मला कधी उत्तर सुचलं नाही असं झालंय का? पंगतीत, बसमध्ये, मीटिंगमध्ये? मी म्हणालो, "काही नाही, सर."

त्यांना तो विनय वाटला. हसले. पास झालो. घरच्यांनी पेढे आणले. पुतण्यानं फोन करून अभिनंदन केलं.

तुमच्या जागी माणूस घेतलेला नाही. वरून नियम आला आहे की ठराविक महिने झाले की मोटर उघडायची आणि बेअरिंग बदलायचं, चांगलं असो की वाईट. सोपं आहे. कोणाला काही कळायची गरज राहत नाही. या आठवड्यात पहिल्या काही मोटरी उघडल्या. परवा मी भंगाराच्या पिंपाजवळून जात होतो, तर वरच ती काढलेली बेअरिंगं पडली होती, तेलानं चमकणारी. त्यातली काही नक्कीच अजून वर्षभर चालली असती. काही आठवडाभरही टिकली नसती. मी वाकून एक उचललं, बोटावर चढवून फिरवलं. मग दुसरं. मग पिंप जवळ ओढून एकेक करत सगळी.

सगळी सारखीच फिरली, भाऊ.